पाच दिवस आधी साफ केलेले दात

गेल्या जुलैत नोकरी गेली तेव्हा मी सिअ‍ॅटलमध्ये होतो. विमा महिनाअखेरीपर्यंतच, म्हणून जी कामं घाईने उरकली त्यात दात साफ करून घेणंही होतं. आधीची सफाई १४ जानेवारीची, ही ९ जुलैची. तीन आठवड्यांनी १४८ डॉलरचं बिल घरी आलं. पॉलिसीत 'दर सहा महिन्यांतून एकदा' असं होतं, मी 'वर्षातून दोनदा' असं समजून बसलो होतो. पाच दिवसांनी हुकलो. तारखांच्या अशाच अटी कोडमध्ये लिहून मी पगार घेत आलो, त्यामुळे रागवायचं कुणावर हेही कळेना.

हातात वेळ होता. हे सहा महिने आले कुठून, ते शोधत बसलो.

कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टचे दंतवैद्य अल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं. १९१३ मध्ये त्यांनी चक्क गॅरेजमध्ये वर्ग भरवला आणि तिथे शिकलेल्या बायका गावातल्या शाळांत जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या. वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जावं हा सल्ला तसा जुनाच, पण तो घरोघरी नेला रेडिओने. १९२९ पासून 'एमॉस अँड अँडी' हा तुफान लोकप्रिय कार्यक्रम पेप्सोडेंटच्या पैशावर चाले आणि त्याच्या जाहिरातीत हाच सल्ला असे. पुढे १९७७ मध्ये ऑब्री शीहम यांनी 'लॅन्सेट'मध्ये थेट विचारलं, या सहा महिन्यांना शास्त्रीय आधार काय? ब्रिटनने २००४ मध्ये मोठ्यांसाठी तपासणीचं अंतर ज्याच्या त्याच्या धोक्यानुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ठेवायची शिफारस केली. अमेरिकी पॉलिसीत मात्र सहा महिने तसेच आहेत.

विम्याची गोष्ट माझ्या घरापासून फार लांबची निघाली नाही. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने (हॅरी ब्रिजेस यांची, भांडखोर म्हणून नावाजलेली) मालकांबरोबरच्या कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांच्या दातांचा खर्च करायचं ठरवलं. त्यासाठी वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्यांनी ना-नफा संस्था काढल्या. आजच्या डेल्टा डेंटलचं मूळ तिथे आहे. गंमत म्हणजे मालकाने भरलेल्या आरोग्यविम्यावर कामगाराला कर नाही, हे कायद्यात पक्कं झालं तेही १९५४ मध्येच. विमा नोकरीला चिकटला तो असा. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आलं, त्यातून नेहमीचे दातांचे उपचार वगळले गेले.

खरं तर याला विमा म्हणणंच चूक आहे. घराला आग लागेल की नाही हे माहीत नसतं म्हणून आपण विमा काढतो, दात साफ करायची वेळ तर येणारच असते. ही आगाऊ वर्गणी आहे. म्हणून रचना उलटी: सफाईचे शंभर टक्के, दात भरायचे साधारण ऐंशी, कॅप बसवायची तर पन्नास. त्यावर वर्षाची कमाल मर्यादा, बऱ्याच ठिकाणी हजार ते दोन हजार डॉलर. हजाराचा आकडा सत्तरच्या दशकातही होता, आणि तेव्हा हजारात पुष्कळ दात वाचत. थोडक्यात, जितकं दुखणं मोठं तितका तुमचा वाटा मोठा.

गोदीवाल्यांच्या मुलांकडे येणारे पैसे बापाच्या कामावरून येत, माझेही तसेच येत होते. फरक एवढाच की त्यांच्या बाजूने भांडायला कुणीतरी होतं. मी एकट्यानेच अपील केलं. उत्तर दोन ओळींचं आलं, त्यात दोन्ही तारखा बरोबर होत्या.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, डिसेंबरात येणारच होतास ना? आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे करून घेतलं असतंस." तिकडेही विमा सफाईचे पैसे देत नाही, पण तिकडे ते कुणी मागतही नाही.

बिल दोन हप्त्यांत भरलं. ऑक्टोबरात नवी नोकरी लागली. पहिल्या दिवशी मिळालेल्या कागदांत मी पगाराच्या आधी दातांचं पान उघडलं. तिथे 'कॅलेंडर वर्षात दोनदा' असं होतं.