मूठभर धान्यावरची शांतिसेना

इंग्लंडातल्या जत्रांमध्ये फुग्यांची शर्यत लावतात. पैसे देऊन फुगा घ्यायचा, त्याला नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधून सोडायचा. ज्याची चिठ्ठी सगळ्यात लांबून परत येईल तो जिंकला. जमलेले पैसे एखाद्या चांगल्या कामाला जातात, कधी शांततेच्या मोहिमेलाही. आपल्याकडे शांततेसाठी वर्गणी गोळा झाली ती मडक्यात.

त्याची सुरुवात एका नकारातून झाली. भूदानाचं काम गांधी स्मारक निधीच्या मदतीवर चालत होतं. १९५६ च्या अखेरीस तामिळनाडूत पळणी इथे विनोबा भाव्यांनी ठरवलं की हा पैसा बंद, भूदान समित्याही बंद. याला 'निधिमुक्ती' आणि 'तंत्रमुक्ती' म्हणतात. पुढच्याच वर्षी केरळच्या पदयात्रेत शांतिसेना उभी राहिली. के. केळप्पन तिचे पहिले सेनापती. कल्पना मूळ गांधीजींची: दंगल पेटली की शस्त्राशिवाय मध्ये जाऊन उभं राहायचं आणि एरवी गावाची सेवा करायची. विनोबांचा हिशेब होता दर पाच हजार माणसांमागे एक सैनिक. त्या वेळच्या ३५ कोटींच्या भारताला ७० हजार सैनिक लागणार होते.

त्यांना जेवू कोण घालणार? उत्तर होतं 'सर्वोदय-पात्र'. घरात एक भांडं ठेवायचं आणि रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. मूठ घरातल्या लहान मुलाची. देण्याची सवय त्याच वयात लागावी, हा हेतू.

मी वणीचा. सप्तशृंगीच्या गडाखालच्या आमच्या गावाला मूठ नवी नाही. नवरात्रात जोगवा मागणाऱ्यांच्या परडीत मूठच पडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरून मूठमूठ धान्य मिळवलं होतं. विनोबांनी ही ओळखीची मूठ शांततेच्या कामाला लावली.

आता हिशेब करून बघा. लहान मुलाच्या मुठीत वीस-पंचवीस ग्रॅम धान्य धरलं, तर एका घराचं वर्षाला सात ते नऊ किलो होतं. पाच हजार वस्तीची साधारण हजार घरं. त्यातल्या शंभर घरांनी जरी पात्र ठेवलं तरी सात ते नऊ क्विंटल जमतं. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढं. म्हणजे गणित चुकलेलं नव्हतं.

तरी ७० हजारांचा आकडा कधीच गाठला गेला नाही. मला वाटतं, अडचण मूठ टाकण्यात नव्हती, ती गोळा करण्यात होती. दर महिन्याला दारोदार फिरणारा माणूस हवा, आणि तंत्र तर आधीच मोडलेलं. भांडं भरलं आणि न्यायला कोणी आलं नाही, तर घर पुन्हा कशाला टाकेल?

पण काम झालंच नाही असं नाही. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली. १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीनंतर शांतिसैनिक तिथल्या वस्त्यांत राबले.

आज फोनवरून दोन सेकंदांत देणगी जाते आणि आपण मोकळे होतो. सर्वोदय-पात्र मोकळं होऊ देत नव्हतं. शांतता ही रोजच्या पिठा-मिठासारखी घरात लागणारी वस्तू आहे, हे ते रोज आठवून द्यायचं. आणि उद्या गावात दगड उचलले गेले, तर मध्ये उभा राहणारा माणूस आपल्या घरच्या धान्यावर जगलेला असेल, हेही.