मधली तीन पावलं

पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंग गडाखाली तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर सेकंद म्हणजे काय हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. बैलगाड्यांची बारी सुटते. पुढे घोडी, मागे जुकाटाची बैलजोडी, तिच्यामागे धुरेची. गाडा घाट चढून निशाणापाशी पोचतो, गर्दीचा गलका क्षणभर थांबतो, कारण सगळ्यांचे कान भोंग्याकडे लागलेले असतात. भोंग्यावर नुसतं बारा सेकंद म्हणून भागत नाही. बाराच्या पुढे किती, हेही सांगावं लागतं, आणि त्या पुढच्या दोन आकड्यांवर घाटाचा राजा ठरतो. सेकंदाचा शंभरावा भाग कानाने ऐकून हळहळणारी माणसं जुन्नर-आंबेगावात गावोगाव आहेत. म्हणून काळातल्या एका सफरीवर तुम्हालाच न्यायचं आहे. जिथे जायचं तिथली शर्यतही तेरा-चौदा सेकंदांचीच असते. माणसं पळतात, आणि वाटेत दहा अडथळे उभे असतात.

पहिला मुक्काम पॅरिस, जुलै 1900. इथे फार रेंगाळायचं नाही. पायाखाली ट्रॅक नाही, बोआ द बुलोन्यच्या बागेतलं गवत आहे. अमेरिकेचा अल्विन क्रान्झलाइन 110 मीटर अडथळा शर्यत 15.4 सेकंदांत जिंकतो. त्याचा पुढचा पाय बघा, गुडघ्यात न दुमडता सरळ अडथळ्यावरून जातो. त्याच्या आधीचे बहुतेक धावपटू अडथळा आला की अंग आखडून उडी मारत आणि पलीकडे पडल्यासारखे उतरत. हा उडी मारत नाही, पळता पळता एक लांब पाऊल टाकतो. याच स्पर्धेत कोलकात्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड 200 मीटर अडथळ्यांत रौप्यपदक मिळवतो. भारताच्या नावावर लागलेली ऑलिंपिकची पहिली दोन पदकं त्याचीच, आणि त्यातलं एक अडथळ्यांवरून आलेलं आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता 18 ऑक्टोबर 1964, टोकियो. इथे मात्र नीट जागा धरून बसा. तुमच्या मागे घरी, घोड नदीच्या काठी जुनं आंबेगाव अजून नांदतं आहे, डिंभ्याचं धरण व्हायला अजून बराच अवकाश आहे. इथे समोर दाबून बसवलेला मातीचा ट्रॅक आहे. मातीवरची ही शेवटची ऑलिंपिक, चार वर्षांनी मेक्सिकोत सिंथेटिक ट्रॅक येईल. धावपटू वाकून बुटांचे खिळे पुन्हा पुन्हा बघताहेत. कोरड्या मातीत खिळा रुततो, ओल्या मातीत घसरतो, आणि अडथळ्यावरून उतरणारं पाऊल जरासं घसरलं तर पुढचे सगळे अडथळे जड होतात.

रांगेतल्या त्या उंच शीख माणसाकडे पाहा. केस डोक्यावर घट्ट बांधलेले आहेत. हा गुरबचनसिंग रंधावा. आठच दिवसांपूर्वी, 10 ऑक्टोबरला, उद्घाटनाच्या संचलनात भारताचा तिरंगा याच्याच हातात होता. दोन वर्षांपूर्वी जकार्त्याच्या आशियाई खेळांत त्याने डेकॅथ्लॉनचं, म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकारांच्या स्पर्धेचं, सुवर्णपदक घेतलं. डेकॅथ्लॉनच्या दुसऱ्या दिवसाची सुरुवात 110 मीटर अडथळ्यांनीच होते, आदल्या दिवशीच्या पाच प्रकारांनी दमलेल्या पायांवर. आज पाय ताजे आहेत आणि शर्यत एकच आहे. पण ती ऑलिंपिकची अंतिम शर्यत आहे.

पिस्तूल उडतं. पहिला अडथळा 13.72 मीटरवर आहे. आठ पावलं, आणि नववं हवेत. लाकडी पट्टीची उंची 106.7 सेंटीमीटर, म्हणजे साध्या उंचीच्या माणसाच्या बेंबीच्याही वर. एक लक्षात ठेवा, हे अडथळे पाडले म्हणून कुणी बाद होत नाही, मुद्दाम पाडला तरच होतो. पण ठेचकाळलेला प्रत्येक अडथळा आपली किंमत वसूल करतो. तुम्ही डोकी बघत असाल तर नका बघू. चांगल्या धावपटूचं डोकं अडथळ्यावर फारसं वर जात नाही, जवळजवळ एका रेषेत सरकत जातं. पाय बघा, आणि तेही दोन अडथळ्यांमधले.

हा खेळ तिथेच आहे. दोन अडथळ्यांमध्ये 9.14 मीटर अंतर असतं. धावपटू अडथळ्याच्या सुमारे दोन मीटर आधी जमीन सोडतो आणि पलीकडे सव्वा मीटरच्या आसपास उतरतो. उरतात जेमतेम पावणेसहा मीटर, आणि त्यांत बरोबर तीन पावलं टाकायची. चार टाकली तर दुसरा पाय पुढे येतो आणि सगळा ताल बिघडतो. दोन तर शक्यच नाहीत. मोकळ्या शंभर मीटरमध्ये हाच माणूस एकेक पाऊल दोन मीटरहून लांब टाकतो. इथे त्याला तीच पावलं आखडायची असतात, पण वेग तोच ठेवून. ज्याचे पाय जास्त वेगवान, त्याची अडचणही जास्त, कारण जागा वाढत नाही. हवेत तो दर अडथळ्यावर सेकंदाचा तिसरा हिस्सा असेल नसेल. बाकी सारी शर्यत जमिनीवर, त्या तीन पावलांत होते. प्रेक्षकांची नजर मात्र हवेतल्या माणसावर असते.

हेज जोन्स पहिला येतो, 13.6. ब्लेन लिंडग्रेन आणि अनातोली मिखाइलोव्ह दोघांनाही 13.7, क्रमांक छायाचित्रावरून लागतात. इटलीचा एडी ओट्टोझ 13.8. आणि पाचवा रंधावा, 14.0. कांस्यपदक तीन दशांशांवर राहिलं. अधिकृत निकाल तेव्हा दशांशातच लिहीत. तुमच्या घाटावर आज त्याहून बारीक मोजतात. जगात पाचवा. भारतीय पुरुषाने ऑलिंपिकच्या या शर्यतीत त्याच्या पुढचा क्रमांक आजवर घेतलेला नाही. मिल्खासिंग यांचा रोममधला चौथा क्रमांक आपल्याला घरोघर पाठ आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्या शेजारी हा पाचवाही लहान मुलांना सांगितला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

जुलै 2013 चा मुक्काम घराजवळचाच आहे. मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने निघून सकाळच्या वेळात पोचता येईल अशा बालेवाडीत. आशियाई अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा ठरली होती चेन्नईला, ती इथे आली. पावसाळ्याचे दिवस आहेत. थाळीफेकीत विकास गौडा सुवर्णपदक घेतो आणि स्टेडियम उठून उभं राहतं. 110 मीटर अडथळ्यांत चीनचा ज्यांग फान 13.61 सेकंदांत पहिला येतो. जुन्नर-आंबेगावातल्या शाळांनी त्या दिवसांत मुलांना एसटीत बसवून बालेवाडीला आणलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. टीव्हीवर अडथळे बुटके दिसतात. जवळून पाहिल्यावरच कळतं, की ही माणसं कशावरून जातात आणि कुठल्या वेगाने.

आणि आता ज्याच्यासाठी ही सफर काढली तो मुक्काम. फिनलंड, 22 मे 2024. मध्य फिनलंडमधलं युवास्क्युला नावाचं गाव, तळ्याकाठचं, आणि गावाच्या कण्यासारख्या डोंगरधारेवर झाडीत वसलेलं स्टेडियम. या दिवसांत इथे रात्री दहा वाजून गेले तरी उजेड हटत नाही. हे ऑलिंपिक नव्हे, जागतिक स्पर्धाही नव्हे. मोटोनेट ग्रां प्री नावाची एक दिवसाची स्पर्धा आहे. पण ऑलिंपिकचं दार अशाच ठिकाणी उघडतं किंवा बंद होतं, कारण पात्रतेची वेळ आणि क्रमवारीचे गुण दोन्ही इथे मिळतात.

रांगेत एकवीस वर्षांचा तेजस शिरसे आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी हे त्याचं गाव. सराव करतो भुवनेश्वरला, जेम्स हिलियर यांच्या हाताखाली. राष्ट्रीय विक्रम मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाच्या नावावर आहे, 13.48, अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये 2017 साली नोंदवलेला. म्हणजे विक्रम असलेलाही महाराष्ट्राचा आणि तो मोडायला निघालेलाही महाराष्ट्राचा.

तुम्ही पाचव्या अडथळ्याच्या बाजूला उभे राहा. इथवर सगळे जवळजवळ बरोबर असतात, शर्यत इथून पुढे फुटते. सुरुवातीचा जोर संपलेला असतो आणि वेग शरीराला पुढे ढकलू लागतो. आता धोका मागे पडण्याचा नसतो. अडथळा वेळेआधी अंगावर येतो, हा खरा धोका. एका अडथळ्यापासून पुढच्यापर्यंत जेमतेम एक सेकंद लागतो. टप, टप, टप, आणि पट्टीवरून. पुन्हा टप, टप, टप. डोळे मिटले तरी आवाजावरून सांगता येतं कोणाचा ताल धरलेला आहे आणि कोणाचा सुटतो आहे. तेजसचा सुटत नाही. सातवा, आठवा, नववा. दहाव्यानंतर 14.02 मीटर मोकळे, आणि तिथे छाती पुढे झोकायची.

फलकावर आकडा येतो, 13.41. तो जिंकला आहे आणि राष्ट्रीय विक्रम त्याचा झाला आहे.

आता घाटावरच्या कानाने हिशोब करा. 13.48 वरून 13.41 वर यायला देशाला सात वर्षं लागली, आणि कमी झाले सेकंदाचे सात शतांश. या वेगाने सात शतांश म्हणजे ट्रॅकवर दोन फुटांच्या आत-बाहेरचं अंतर. दहा अडथळ्यांत वाटलं तर दर अडथळ्यामागे सेकंदाच्या हजार भागांतले सात भाग. असे भाग अंगात बाणवायला माणूस वर्षानुवर्षं रोज तीच तीन पावलं टाकत असतो. याच दिवशी, याच स्टेडियममध्ये विशाखापट्टणमची ज्योती याराजी 100 मीटर अडथळे 12.78 सेकंदांत पळते. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता होती 12.77. एका शतांशाने राहिलं. ती पुढे क्रमवारीतून पॅरिसला गेली. तेजसला हवे होते 13.27, म्हणजे आणखी चौदा शतांश, ट्रॅकवर मीटरभराहून थोडं जास्त. त्याला क्रमवारीनेही पॅरिस दिलं नाही. विक्रम करूनही ती ऑलिंपिक त्याला बाहेरूनच बघावी लागली.

शेवटी पुन्हा टोकियो, सप्टेंबर 2025, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. जागा तीच आहे, रंधावा पळाला होता तिथलीच. जुनं स्टेडियम पाडून त्याच ठिकाणी नवं उभं राहिलेलं आहे. माती गेली, सिंथेटिक आलं. तेजस प्राथमिक फेरीत 13.57 सेकंदांत सहावा येतो आणि उपांत्य फेरी हुकते. अंतिम शर्यत अमेरिकेचा कॉर्डेल टिंच 12.99 मध्ये जिंकतो, त्याच्यामागे जमैकाचे ऑरलँडो बेनेट आणि टायलर मेसन. जागतिक विक्रम एरिस मेरिटचा आहे, 12.80, ब्रसेल्समध्ये 2012 साली केलेला.

एकाच जागी एकसष्ट वर्षांच्या अंतराने पळलेले हे दोन भारतीय. पहिला 14.0 मध्ये जगात पाचवा आला, दुसऱ्याला 13.57 मध्ये पहिली फेरी ओलांडता आली नाही. यावरून तेजसला उणा ठरवू नका. रंधावाच्या त्या शर्यतीत 13.57 हा आकडा विजेत्याच्या अधिकृत वेळेपेक्षाही सरस ठरला असता, अर्थात ट्रॅकचा फरक धरूनच बोलावं. आपण जागेवर थांबलेलो नाही. जग आपल्याहून वेगाने पुढे गेलं, आणि त्याचं कारण माझ्या मते रक्तात किंवा उंचीत शोधू नये. ते अडथळ्यांच्या संख्येत शोधावं. धावायला रस्ता पुरतो, लांब उडीला वाळू पुरते. या शर्यतीला दहा अडथळे एका रांगेत, मोजलेल्या अंतरावर, रोज उभे लागतात. ते जिथे उभेच राहत नाहीत तिथे तीन पावलांचा ताल शिकायचा कशावर?

तेव्हा एक काम घरी करण्यासारखं आहे. घोडेगाव, ओतूर, नारायणगाव, कुठल्याही शाळेचं सपाट मैदान चालेल, पण सपाट हवं. लांब टेप आणि चुन्याची पिशवी घ्या. सुरुवातीची रेघ मारा, मग पहिली खूण 13.72 मीटरवर, पुढे दर 9.14 मीटरवर एक अशा नऊ, आणि शेवटच्या खुणेपासून 14.02 मीटरवर अंतिम रेघ. अठरा वर्षांखालच्या मुलांना अडथळा 91.4 सेंटीमीटरचा असतो, वीस वर्षांखालच्यांना 99.1 चा. अगदी नवख्या पोरांना त्याहूनही बुटका ठेवा, बांबूची हलकी पट्टी दोन विटांवर टेकवली तरी चालते, लागली की पडली पाहिजे. पोराचं तिसरं पाऊल पोचत नसेल, तर त्याला चौथं टाकू देऊ नका. पट्ट्याच जवळ आणा, आठ मीटरवर, सातवर, जिथे त्याची तीन बसतील तिथे. अंतर आणि उंची पुढच्या वर्षी वाढवता येते.