वऱ्हाडातील लोखंडी पाती : संग्रह आणि इतिहास

पात्याचा संग्रह करणारा बहुधा मुठीकडे पाहून वस्तू निवडतो. दक्षिण अमेरिकेतील पांपा प्रदेशात गुरे राखणाऱ्या गाउचो लोकांची 'फाकोन' नावाची सुरी हे याचे ठळक उदाहरण होय. ती कमरपट्ट्यात पाठीशी खोवलेली असे. मांस कापणे, कातडे सोलणे आणि प्रसंगी द्वंद्व ही तिची कामे. होसे एर्नांदेस याचे 'मार्तीन फिएरो' हे काव्य १८७२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तो जीवनक्रम अस्तास चालला होता. पुढे संग्राहकांच्या लेखी मान मिळाला तो मुख्यतः चांदीने मढविलेल्या मुठीला.

आपल्याकडील स्थिती याहून फारशी वेगळी नाही. एगर्टन याची १८८० ची भारतीय शस्त्रांची सूची अभ्यासकांस परिचित आहे. परंतु ती शस्त्रांची सूची आहे, तीत विळी वा कोयता शोधण्याचे कारण नाही. वस्तुतः विदर्भातील लोहकामाची परंपरा राजदरबारांहून पुष्कळ जुनी आहे. नागपूरनजीक माहुरझरी येथील महापाषाणयुगीन दफनांत तांब्याच्या मुठीची लोखंडी कट्यार मिळाली; नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. यवतमाळ जिल्ह्यातील पाचखेड (तालुका बाभुळगाव) येथे नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये केलेल्या उत्खननात लोहयुगीन वसाहत आढळली.

एवढी दीर्घ परंपरा असूनही अलीकडच्या शतकांतील साधी पाती हाती लागू नयेत, याचे कारण लोखंडाच्या स्वभावातच आहे. मोडलेला विळा कोणी जपून ठेवीत नाही. तो लोहाराच्या भट्टीत जातो आणि खुरपे होऊन परततो. गरिबाच्या घरी लोखंड टाकून देण्याची वस्तू नव्हे.

शस्त्र आणि अवजार यांतील भेद कायद्यानेही केला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा समावेश होता. मात्र घरकामासाठी व शेतीसाठी घडविलेली पाती त्यांतून वगळली होती. कसोटी केवळ आकाराची नव्हे, हेतूची होती. लोहाराच्या ऐरणीवर मात्र हा भेद इतका स्पष्ट नसे. कुऱ्हाड रानात सरपणासाठी नेली जाई आणि संरक्षणासाठीही.

हेतूची ही कसोटी संग्रहशास्त्रानेही स्वीकारावयास हवी. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्त्यासारखी घरगुती वस्तू संग्रहालयात मानाने ठेवली आणि आपला संग्रह शासनास दिला. तो दृष्टिकोन यवतमाळच्या बंजारा तांड्यांस, कोलाम व गोंड वस्त्यांस लावता येईल. परंतु पाते उचलून आणणे म्हणजे संशोधन नव्हे. ते कोणी घडविले, कोणी वापरले, कितीदा धार लावली, त्याचे स्थानिक नाव काय, हे त्याच दिवशी लिहून घेतले नाही तर हाती उरते ते केवळ लोखंड. मूठ नंतरही पाहता येते. ही माहिती सांगणारा माणूस नंतर भेटेलच असे नाही.