चुंबकीय नॅनोकण आणि रक्तातील कर्कपेशींचा शोध

रक्तातील ज्या पदार्थावरून किंवा पेशीवरून रोगाची माहिती मिळते, त्याला जैवसूचक किंवा बायोमार्कर म्हणतात. काही जैवसूचक अत्यंत विरळ असतात. कर्करोगाच्या गाठीपासून सुटून रक्तात आलेल्या पेशी हे त्याचे उदाहरण. 7.5 मिलिलिटर रक्तात अशा पेशी जेमतेम दोन-चार असू शकतात आणि तेवढ्याच रक्तात तांबड्या पेशी मात्र 3,000 कोटींहून अधिक असतात. एवढ्या गर्दीतून त्या वेगळ्या काढण्यासाठी चुंबकीय नॅनोकण वापरतात.

कणांचा गुणधर्म

हे कण बहुधा मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडपासून बनवतात. मॅग्नेटाइटचा कण सुमारे 20 नॅनोमीटरपेक्षा लहान असला, की चुंबक जवळ असेपर्यंतच तो चुंबकासारखा वागतो. चुंबक दूर नेल्यावर हा गुण उरत नाही. याला अतिपराचुंबकत्व म्हणतात. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होत नाहीत. रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये लोह असले, तरी साध्या चुंबकाने त्या ओढल्या जात नाहीत.

चाचणी कशी होते?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये ‘सेलसर्च’ या चाचणीला मान्यता दिली. ती शरीरात इतरत्र पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी होती. यात चुंबकीय कणांवर ‘एपकॅम’ या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. अनेक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असते, रक्तपेशींवर नसते. कण पेशींना चिकटले, की चुंबक लावून त्या वेगळ्या करतात. सोबत आलेल्या पांढऱ्या पेशी वगळण्यासाठी चमकणारे रंग वापरून मगच मोजणी होते.

निष्कर्षाचा अर्थ

7.5 मिलिलिटर रक्तात अशा 5 किंवा अधिक पेशी आढळल्यास रोग लवकर बळावण्याची शक्यता जास्त मानतात. मात्र केवळ ही संख्या पाहून केमोथेरपीचे औषध लवकर बदलल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दिसले. शिवाय ज्या कर्कपेशींवर एपकॅम नसते, त्या कणांच्या हाती लागत नाहीत. म्हणून अहवालात शून्य आले, तरी कर्करोग नाही असा त्याचा अर्थ होत नाही. निदान आणि उपचार ठरवताना डॉक्टर स्कॅन, बायोप्सी आणि रुग्णाची लक्षणे यांचाही विचार करतात.