एका रहस्यकथेने उघडलेली फाइल

आमच्या घरी रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. वडिलांच्या कपाटात त्यांची जुनी, पानं सुटलेली पुस्तकं होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं ती आळीपाळीने वाचायचो. खुनी सापडला की पुस्तक मिटायचं आणि आंबे खायला पळायचं. खुनी सापडल्यावर जिची खरी अस्वस्थता सुरू होते, अशी रहस्यकथा मला भेटली ती पस्तिशीच्या आसपास, आणि तीही पॅरिसमध्ये.

२०१३ साली मी दर सोमवारी पहाटेच्या युरोस्टारने लंडनहून पॅरिसला जायचो. ऑफिस ला देफाँस भागात होतं. काम आपलं नेहमीचंच, जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा. कुठलं रेकॉर्ड न्यायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, याच्या याद्या करण्यात दिवस जात. टीममधला एक सहकारी अल्जीरियन वंशाचा होता. एकदा जेवताना मी त्याला विचारलं, फ्रान्सबद्दल काही वाचायचं असेल तर काय वाचू? दुसऱ्या दिवशी त्याने एक पातळसं पुस्तक आणून दिलं. म्हणाला, "तू रोज मेट्रोने ज्या पुलावरून येतोस ना, त्या पुलानेही ही रात्र पाहिली आहे."

पुस्तक होतं दिदिए देनांक्स या लेखकाच्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर, 'मर्डर इन मेमोरियम'. मूळ फ्रेंच पुस्तक १९८४ चं. सुरुवातीलाच तारीख येते, १७ ऑक्टोबर १९६१. पॅरिसच्या रस्त्यावर अल्जीरियन लोकांचा मोर्चा चालू आहे, पोलीस त्यांच्यावर तुटून पडले आहेत आणि त्या गोंधळात दंगलविरोधी पोलिसांच्या वेशातला एक माणूस शांतपणे एका इतिहास शिक्षकाला गोळी घालतो. शिक्षकाचा मोर्चाशी काही संबंध नाही. वीस वर्षं जातात. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगाही इतिहासाचाच अभ्यासक होतो, तुलूझ शहरातल्या सरकारी दफ्तरखान्यात काही कागद चाळतो आणि त्याच दिवशी त्याचाही खून होतो. तपास येतो इन्स्पेक्टर कादॅंकडे.

आता रहस्य फोडतो, माफ करा, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. बाप आणि मुलगा दोघेही द्रांसीबद्दलचे कागद शोधत होते. द्रांसी म्हणजे पॅरिसजवळची ती छावणी, जिथून दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ज्यूंना आउश्वित्झला पाठवलं जाई. नाझींच्या काळात ज्यूंच्या याद्या करणारा एक फ्रेंच अधिकारी पुढे मोठ्या पदावर चढला होता, आणि त्या फायलीवर त्याची सही होती.

वाचून संपल्यावर मला वाटलं, लेखकाने योगायोग जरा जास्तच ताणलाय. ज्यूंना गाडीत बसवणारा आणि अल्जीरियनांवर पोलीस सोडणाऱ्या यंत्रणेतला माणूस एकच? हे फक्त कादंबरीतच जमतं! रात्री हॉटेलवर बसून शोधलं, तेव्हा कळलं की हा योगायोग लेखकाने रचलेलाच नाही.

मोरिस पापाँ १९४२ ते १९४४ मध्ये बोर्दोच्या प्रशासनात वरिष्ठ अधिकारी होता. तिथून सुमारे १६०० ज्यू द्रांसीला पाठवले गेले, त्यांत लहान मुलंही होती. युद्ध संपल्यावर पापाँची बढतीच होत गेली. १९५८ मध्ये तो पॅरिसचा पोलीसप्रमुख झाला आणि १९७८ मध्ये फ्रान्सचा अर्थसंकल्प मंत्री. मे १९८१ मध्ये एका साप्ताहिकाने बोर्दोच्या फायली छापल्या, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

आणि १९६१ ची रात्र? अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा शेवटच्या टप्प्यात होतं. (फ्रान्सने त्याला अधिकृतपणे 'युद्ध' म्हटलं ते थेट १९९९ मध्ये!) ऑक्टोबरच्या सुरुवातीला पापाँच्या खात्याने पॅरिसमधल्या अल्जीरियनांवर रात्रीची संचारबंदी लादली. तिच्या निषेधार्थ हजारो माणसं नि:शस्त्र निघाली, बायकामुलांसह, चांगले कपडे घालून. नाँतेरच्या झोपडवस्तीतले लोक नोयीच्या पुलाकडे आले, म्हणजे माझ्या मेट्रोच्या वाटेवर. अकरा हजारांवर माणसं पकडली गेली. त्यांना न्यायला शहराच्या बसगाड्या वापरल्या, जशा १९४२ च्या जुलैमध्ये ज्यूंच्या धरपकडीत वापरल्या होत्या. अनेकांना मारून सीन नदीत फेकलं गेलं. तेव्हाचा सरकारी आकडा दोन-तीन मृतांचा होता, इतिहासकारांचे आकडे काही डझनांपासून दोनशेच्या वर जातात.

देनांक्सने हे लिहिलं तेव्हा या रात्रीवर सामान्य वाचकाच्या हाती फारसं काही नव्हतं. झाँ-ल्यूक एनोदी यांचं सविस्तर पुस्तक १९९१ मध्ये आलं. म्हणजे स्टेशनवर विकत मिळणारी रहस्यकथा इतिहासाच्या सात वर्षं आधी पोचली होती. तिच्यात उणिवा आहेत, सगळं पाप एका माणसाच्या माथी मारलं की वाचकाची सोय होते. खऱ्या याद्या टाइप करणारे, बसगाड्या चालवणारे पुष्कळ होते.

पापाँवर खटला उभा राहिला १९९७ मध्ये. १९९८ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ती फक्त बोर्दोसाठी. अल्जीरियाच्या युद्धातल्या अशा कृत्यांना १९६२ पासूनच माफी मिळालेली असल्यामुळे १९६१ साठी कोणालाच शिक्षा झाली नाही. उलट १९९८ मध्ये त्याने एनोदींवरच बदनामीचा दावा लावला. तेव्हा पॅरिसच्या दफ्तरखान्यातले ब्रिजित लेने आणि फिलिप ग्राँ हे दोघे एनोदींच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. पापाँ हरला. त्या दोघांना मात्र पुढे कित्येक वर्षं ऑफिसात कामच दिलं गेलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात खरे डिटेक्टिव्ह हेच दोघे वाटतात.

पुस्तक परत करताना मी सहकाऱ्याला विचारलं, तुझे आजोबा होते का त्या रात्री? म्हणाला, "नाँतेरलाच राहायचे. पण घरी कधी विषयच निघाला नाही. आता विचारायला ते नाहीत."

सँ-मिशेल पुलावर २००१ पासून एक छोटी पाटी आहे. मी जाऊन पाहिली. अल्जीरियन मारले गेले असं तीवर लिहिलं आहे, कोणी मारले ते लिहिलेलं नाही.

नंतर मी स्वतःची प्रत विकत घेतली. सध्या ती आपल्याच मंडळातल्या एका काकांकडे आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात मला गाठावं.