पाऊस किती? नुसती भुरभुर!

मंडळी, आज परत फोनवर 'फ्रीझिंग रेन'चा इशारा आलाय आणि ग्रुपवर दूध-ब्रेडची चर्चा सुरू झालीय. आपल्या डॅलस-फोर्ट वर्थकडे फेब्रुवारी २०२१ म्हटलं की सगळ्यांना गेलेली वीज आठवते. मला मात्र त्याच्या चार दिवस आधीची सकाळ आठवते.

११ फेब्रुवारी, गुरुवार. पहाटे सहाच्या सुमारास फोर्ट वर्थला आय-३५ डब्ल्यूच्या टोल लेनमध्ये १३० गाड्या एकमेकींवर आदळल्या. सहा माणसं गेली. अडकलेल्यांत कामावर निघालेले हॉस्पिटलचे कर्मचारीही होते. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, बाजूला घ्यायलाही जागा नाही.

आणि पाऊस किती? नुसती भुरभुर. गारपीट आपल्याला माहीत आहे, नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारा. हे प्रकरण वेगळं. वर उबदार हवेचा थर असतो, तिथून पाणीच पडतं. जमिनीलगतची हवा शून्याखाली. थेंब तेवढा थंड होऊनही पाणीच राहतो आणि टेकला की गोठतो. डोळ्याला रस्ता फक्त ओला दिसतो! त्यात पुलाला खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तो आधी गोठतो. अपघात झाला तो रस्ताही उंचावरचाच होता.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. त्या लेनवर मिठाचं पाणी मारलं होतं, पण सुमारे ४४ तास आधी. वेगमर्यादा ताशी ७५ मैल, हवा कशीही असो. हवेप्रमाणे बदलणारी वेगमर्यादा आणा, असं मंडळाने सुचवलं.

विजेचं तेच. २०११ च्या थंडीनंतर केंद्रीय यंत्रणांनी लेखी सांगितलं होतं की वीजकेंद्रं थंडीसाठी तयार ठेवा. दहा वर्षांनी लाखो घरं अंधारात गेली आणि त्या थंडीत राज्याच्या मोजणीप्रमाणे २४६ लोक दगावले. त्यावर निदान अजून बोललं तरी जातं. त्या सहा जणांचं नाव कोण काढतं?

पुढच्या टाउन हॉलला मी एकच प्रश्न विचारणार आहे: पुलावर शेवटचं मिठाचं पाणी कधी मारलं, हे रस्त्यावरच्या बोर्डावर का लावत नाही? टोल तर लगेच दाखवता. कोणी सोबत येणार असेल तर कळवा.

उद्या ज्यांची ड्युटी आहे त्यांनी खालचा रस्ता धरा, उशीर झाला तरी चालेल.