विस्मरणातली गाणी आणि महाजालावरचा रेडिओ

जुनी हिंदी गाणी म्हटली की तीच ती शंभर-दोनशे गाणी पुढे येतात. ऑर्केस्ट्रात तीच, टीव्हीवरच्या स्पर्धेत तीच, गणपतीच्या मांडवातही तीच. मग बाकीची हजारो गाणी गेली कुठे? चांगली होती ती टिकली आणि सुमार होती ती गेली, असे आपण सहज म्हणतो. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, की जे उरले तेवढेच घडले असे समजू नका. गाण्यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

अगदी सुरुवातच पाहा ना. १९३१ सालच्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटात सात गाणी होती. त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या नाहीत आणि चित्रपटाचीही एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे हिंदी चित्रपटातले पहिले गाणे कसे होते, हे आता कोणालाच ऐकता येणार नाही. पुढे रेकॉर्डी निघू लागल्या, पण ती लाखेची तबकडी! एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावायची आणि हातातून पडली की तुकडे. रेकॉर्डवर गाणाऱ्याचे खरे नाव असेलच याचीही खात्री नसे. 'महल' (१९४९) मधल्या लता मंगेशकरांच्या सर्वात गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. हे पडद्यावरच्या पात्राचे नाव! ते गाणे इतके गाजले की श्रोत्यांनी पत्रे लिहून रेडिओकडे खऱ्या गायिकेचे नाव विचारले. न गाजलेल्या गाण्यांसाठी अशी पत्रे कोण लिहिणार?

गाणे जगते ते कोणीतरी ते पुन्हा लावते म्हणून. आणि पुन्हा लावण्याचे काम आपल्याकडे अनेक वर्षे रेडिओनेच केले.

आता यातली गंमत बघा. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. जन्माने पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपट संगीताने अभिरुची बिघडते असे त्यांचे मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला या धोरणाचा फायदा झाला, हे नाकारता येणार नाही. पण चित्रपटगीतांचा श्रोता उठला आणि शेजारच्या देशात गेला. रेडिओ सिलोनची कोलंबोची प्रक्षेपण यंत्रणा ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी यंत्रणा. लघुलहरींवरून ती भारतभर ऐकू येई, मधूनमधून खरखर झाली तरी. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात पोहोचला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

गीतमालेचे नाव सगळ्यांना माहीत आहे. परंतु माझ्या मते सिलोनचे मोठे काम दुसरेच होते. सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि आठला काही मिनिटे कमी असताना शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असे. सैगल १९४७ सालीच गेले होते. त्यांची ध्वनिमुद्रित गाणी दोनशेच्या आत. रोज एक लावायचे म्हटल्यावर नुसत्या गाजलेल्या गाण्यांवर भागत नाही, कपाटातली मागची रेकॉर्डही काढावी लागते. गीतमालेत गाणे आपल्या लोकप्रियतेवर येई; इथे ते निवेदकाने काढले म्हणून येई. अमीरबाई कर्नाटकी, जोहराबाई अंबालेवाली, पारुल घोष, राजकुमारी, खान मस्ताना यांची नावे लता-रफी युगानंतरही लोकांच्या कानावर राहिली, त्यात अशा कार्यक्रमांचा वाटा फार मोठा. हौशी श्रोत्यांनी ही गाणी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. आज संगणकावर जी दुर्मिळ गाणी सापडतात त्यांत मागे खरखर ऐकू आली तर वैतागू नका. कोणीतरी रेडिओजवळ बसून ते गाणे वाचवले, याची ती खूण असते.

महाजालावरच्या रेडिओची गोष्ट सुरू झाली अमेरिकेत. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या चॅपेल हिलच्या विद्यार्थ्यांचे डब्ल्यूएक्सवायसी हे केंद्र महाजालावर ऐकू येऊ लागले. १९९९ साली लाइव्ह३६५ ही सेवा निघाली आणि सामान्य माणसालाही आपले केंद्र चालवता येऊ लागले. मनोरा नको, सरकारी परवाना नको. आपल्याजवळची गाणी चढवायची आणि लावायची. सिलोनच्या निवेदकाचे काम आता घरबसल्या कोणालाही करता येऊ लागले.

पण इथेही अडथळा आलाच. या वेळी मंत्र्याचा नव्हे, दरपत्रकाचा. २००२ साली अमेरिकेत मानधनाचा दर ठरला : दर गाण्याला, दर श्रोत्यामागे ०.०७ सेंट. वाचायला किरकोळ वाटतो. पण एका तासात पंधरा गाणी आणि शंभर श्रोते असे धरा. तासाला एक डॉलर पाच सेंट, आणि केंद्र चालते चोवीस तास! वर्षाचे नऊ हजार डॉलरच्या वर जातात. हौशी माणसाने आणायचे कुठून? सोमाएफएमसारखे चांगले केंद्र त्या वर्षी काही महिने बंद राहिले. पुढे दर वाढवण्याचा निर्णय झाला, तेव्हा २६ जून २००७ रोजी अनेक केंद्रांनी दिवसभर मौन पाळून निषेध केला. छोट्या केंद्रांना मिळत असलेली सवलत २०१५ अखेर संपली आणि जानेवारी २०१६ मध्ये लाइव्ह३६५ बंद पडले. २०१७ साली नव्या मालकाने ते पुन्हा सुरू केले, तरी मधल्या काळात कितीतरी केंद्रे कायमची गप्प झाली.

कलावंताला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण इतिहास एवढे मात्र सांगतो, की वाट अरुंद झाली की पहिला बळी कमी ऐकल्या गेलेल्या गाण्याचा जातो. गाजलेल्या गाण्याला दहा वाटा असतात. याला एकच, आणि ती म्हणजे कोणाचे तरी प्रेम.

म्हणून केंद्र शोधताना मी एकच कसोटी लावतो. इथे गाणी कोण निवडते? माणूस की यंत्र? यंत्र तुम्ही काल काय ऐकलेत ते पाहून आज तसेच देते. तुम्हाला माहीत नसलेले गाणे लावणार माणूसच. पाश्चात्त्य जुन्या संगीताची आवड असेल तर सोमाएफएमची 'इलिनॉय स्ट्रीट लाउंज' ही वाहिनी ऐका. न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या केंद्राच्या संग्रहात जुन्या फोनोग्राफ रेकॉर्डींचे कार्यक्रम सापडतील. आपली गाणी हवी असतील तर आकाशवाणीच्या ॲपवर विविध भारती आहेच. आणि 'रेडिओ गार्डन' जरूर उघडून पाहा. पृथ्वीचा गोल दिसतो, त्यावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवले की त्या गावचा रेडिओ सुरू. फिरता फिरता कोलंबोवर थोडे थांबा, आपल्या पिढीवर त्या गावाचे ऋण आहे.

केंद्र सापडले की दुसरी एक गोष्ट करा. गाण्याचे नाव, चित्रपट, साल, गायक, संगीतकार वहीत टिपून ठेवा. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध केला, त्यात दशकवार एकेका चित्रपटाची गाणी नोंदली. ते काम कोणत्या संस्थेने नव्हे, एका चाहत्याने हाती घेतले. त्या कोशामुळे निदान काय काय हरवले आहे ते तरी आपल्याला कळते.

आणि नातलगांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या कॅसेटी असतील, तर 'कोण ऐकतंय आता' म्हणून भंगारात देऊ नका. कॅसेटची फीत कायम टिकत नाही, ती वाजवणारी यंत्रे घराघरातून गेली, आणि ती भरून ठेवणारी आमची पिढीही आता पिकलेली. सगळ्या नाही जमल्या तरी चार-दोन कॅसेटी संगणकावर उतरवून घ्या. त्यातले एखादे गाणे असेही असू शकेल, की जे आज दुसरीकडे कुठेच शिल्लक नाही.